ब्रेस्टच्या किल्ल्यातील बंदिवान

पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर बुग आणि मुखावेत्स या दोन नद्यांचा संगम आहे. या संगमावर एकोणिसाव्या शतकात रशियाच्या झारांनी तांबड्या विटांचा एक विस्तीर्ण किल्ला बांधला. सह्याद्रीच्या गडांप्रमाणे तो डोंगरावर नाही. तो भुईकोट आहे. पाण्याने वेढलेली बेटे, मातीचे प्रचंड बांध, आणि जाड भिंतींच्या पोटात ओळीने काढलेल्या सैनिकांच्या कोठ्या, असे त्याचे रूप. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, रशिया आणि जर्मनी यांचा तह याच किल्ल्यात झाला. १९३९ मध्ये पोलंडची वाटणी झाली तेव्हा तो सोव्हिएत संघाच्या हाती आला आणि सरहद्दीवरील पलटणी आपल्या बायकामुलांसह तेथे राहू लागल्या.

२२ जून १९४१ रोजी पहाटे जर्मन सैन्याने सोव्हिएत संघावर स्वारी केली. तिचा पहिला तडाखा ज्या ठिकाणांना बसला त्यांत हा किल्ला होता. जर्मन पायदळाच्या ४५व्या डिव्हिजनकडे तो घेण्याचे काम दिलेले होते आणि काही तासांत तो पडेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात मुख्य प्रतिकार मोडायला आठवडा लागला. त्यात जर्मनांची चारशेंहून अधिक माणसे कामी आली. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा जर्मन रणगाडे दिवसाला पन्नास पन्नास मैल आत घुसत होते, तेव्हा सरहद्दीवरचा एक जुनाट किल्ला त्यांच्या पाठीमागे लढत राहिला होता.

ही हकीकत सोव्हिएत जनतेला कळली ती मात्र शत्रूच्या तोंडून. १९४२ च्या प्रारंभी त्याच ४५व्या डिव्हिजनची कागदपत्रे रणांगणावर सोव्हिएत सैन्याच्या हाती पडली आणि त्यांत ब्रेस्टच्या लढाईचा अहवाल सापडला. त्याच्या आधारे जून १९४२ मध्ये मॉस्कोच्या सैनिकी वृत्तपत्रात एक लेख आला. युद्ध संपल्यावर किल्ल्याचे अवशेष उपसताना भिंतींवर टोकदार वस्तूने कोरलेली अक्षरे दिसू लागली. एका भिंतीवर कोणी एका अनामिक सैनिकाने आपण मरत आहोत परंतु शरण जात नाही असे लिहून मायभूमीचा निरोप घेतला होता आणि खाली २० जुलै १९४१ ही तारीख घातली होती. भिंत बोलली, शत्रूचे दप्तर बोलले. परंतु त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेला एकही माणूस पुढे येऊन बोलेना. सर्वजण मेले, असे मानले गेले. वस्तुस्थिती निराळी होती. शेकडो माणसे जिवंत होती. मात्र ती सर्व शत्रूच्या कैदेतून परत आलेली होती, आणि कैदेतून परतलेल्याने आपला पराक्रम सांगायचा नाही असा त्या देशाचा अलिखित शिरस्ता पडून गेला होता.

या शिरस्त्याचे मूळ एका लिखित हुकुमात आहे. १६ ऑगस्ट १९४१ रोजी, म्हणजे युद्ध सुरू होऊन दोन महिनेही पुरे झाले नव्हते तेव्हा, स्टालिनने हुकूम क्रमांक २७० काढला. त्याखाली त्याच्याबरोबर मोलोतोव्ह, व्होरोशिलोव्ह, बुद्योन्नी, तिमोशेंको, शापोश्निकोव्ह आणि झुकोव्ह यांच्या सह्या होत्या. तो वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला नाही. पलटणीपलटणींतून सैनिकांना उभे करून वाचून दाखविण्यात आला. जो अधिकारी आपली चिन्हे फाडून पळेल किंवा शत्रूला शरण जाईल तो दुष्ट फरारी समजला जाईल आणि त्याच्या कुटुंबास अटक होईल. जो साधा शिपाई शरण जाईल त्याच्या घरच्यांचे सरकारी साहाय्य बंद होईल, असा त्याचा आशय होता. वेढ्यात सापडलेल्याने शेवटपर्यंत लढावे, ही अपेक्षा जगातील प्रत्येक सैन्यात असते. परंतु ती न पाळणाऱ्याचा दंड त्याच्या म्हाताऱ्या आईकडून वसूल करावा, हे थोड्याच राज्यांना सुचले आहे.

हुकुमात तीन सेनापतींची नावे उदाहरणादाखल घातली होती. त्यांपैकी एक जनरल कचालोव्ह. त्याच्यावर शरणागतीचा आरोप ठेवून त्याला त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड सांगण्यात आला, आणि त्याची पत्नी व सासू यांना तुरुंगात टाकण्यात आले. खरी गोष्ट अशी होती की, हुकूम निघण्यापूर्वी बारा दिवस, ४ ऑगस्ट रोजी, कचालोव्ह आपल्या रणगाड्यातच लढता लढता मारला गेला होता. मेलेल्या माणसाला फितूर ठरवून त्याच्या घरादाराची धूळधाण केली गेली आणि ही चूक दुरुस्त व्हायला १९५३ चा डिसेंबर उजाडावा लागला. दुसरा, जनरल पोनेदेलिन, खरोखरच पकडला गेला होता. जर्मनांच्या बाजूने लढण्यास त्याने कैदेत नकार दिला. युद्धानंतर तो मायदेशी आला, तेथे त्याला पुन्हा अटक झाली आणि १९५० च्या ऑगस्टमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. १९५६ मध्ये तो निर्दोष ठरला. खुद्द स्टालिनचा थोरला मुलगा याकोव्ह तोफखान्यात अधिकारी होता. तो १९४१ च्या जुलैत पकडला गेला. त्याच्या बायकोलाही या नियमातून सूट मिळाली नाही. तिला दीड वर्षाहून अधिक काळ अटकेत काढावा लागला. स्वतः याकोव्ह १९४३ च्या एप्रिलमध्ये साक्सेनहाउसेनच्या छावणीत मरण पावला.

इतकी कठोरता कशासाठी, याचे सरकारी उत्तर शिस्त हे होते. ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. त्या उन्हाळ्यात आघाडी खरोखरच फुटत होती. परंतु लाखो माणसे पकडली गेली ती भेकडपणामुळे नव्हे. इशारे मिळूनही सीमेवर सावधगिरीचा हुकूम वेळेवर गेला नाही, अनुभवी सेनापतींचा आधीच्या वर्षांत संहार झालेला होता, आणि माघार घेण्याची परवानगी वेळीच मिळत नसल्याने सैन्येच्या सैन्ये वेढली गेली. कीव्हच्या आसपास सप्टेंबरात जे घडले ते याचे ढळढळीत उदाहरण. प्रत्येक बंदिवान हा या चुकांचा चालताबोलता साक्षीदार होता. त्याला गुन्हेगार ठरविले की साक्षीची किंमत आपोआप नाहीशी होते. आपल्याकडे पूर्वी वाळीत टाकलेल्या माणसाचे तो जिवंत असतानाच घटश्राद्ध घालीत. त्यानंतर त्याने दारात येऊन हाका मारल्या तरी घरच्यांनी ओ द्यायची नसे. मॉस्कोच्या राज्यकर्त्यांनी आपल्या पकडल्या गेलेल्या फौजेचे असेच घटश्राद्ध घातले.

आणि त्या वेळी ती माणसे कोणत्या स्थितीत होती? १९४१ ते १९४५ या काळात जर्मनांच्या हाती सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक लागले आणि त्यांतील सुमारे ३३ लाख कैदेत मरण पावले. वीस लाखांवर माणसे १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंतच, म्हणजे पहिल्या आठ महिन्यांत, गेलेली होती. काटेरी तारांनी वेढलेले उघडे माळ, डोक्यावर छप्पर नाही, हिवाळ्यात जमिनीत हातांनी उकरलेली बिळे, आणि अन्न म्हणून जे मिळे ते जिवंत राहण्यास पुरेसे नसावे अशाच हिशेबाने दिलेले. ऑशवित्झ येथे विषारी वायूचा पहिला मोठा प्रयोग सप्टेंबर १९४१ मध्ये झाला. त्यात मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य सोव्हिएत युद्धकैदी होते. याउलट त्याच जर्मनीच्या कैदेत असलेल्या ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांपैकी दर शंभरांत सुमारे चारच दगावले. या फरकाचे समर्थन जर्मन सरकार असे करी की, युद्धकैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर सोव्हिएत संघाने सही केलेली नाही. ही निव्वळ सबब होती. जर्मनीची सही त्या करारावर होतीच आणि समोरच्याने सही केली असो वा नसो, कैद्यांना माणसासारखे वागविण्याचे बंधन तिच्यावर होते. तथापि मॉस्कोनेही आपल्या माणसांसाठी फारसा आवाज उठविला नाही, हेही तितकेच खरे. इतर देशांच्या कैद्यांना रेडक्रॉसमार्फत घरची पत्रे आणि खाण्याच्या पेट्या येत. तारेच्या पलीकडच्या आवारातील सोव्हिएत कैदी त्या पेट्या उघडताना नुसत्या पाहत.

आता ब्रेस्टकडे परत वळले पाहिजे, कारण या साऱ्या मोठ्या आकड्यांचा अर्थ तेथील एका माणसाच्या आयुष्यात स्वच्छ दिसतो. मेजर प्योत्र मिखायलोविच गाव्रिलोव्ह हा ४४व्या पलटणीचा अधिकारी. १९०० साली काझानकडच्या एका खेड्यात जन्मलेला. हल्ल्याच्या सकाळी तो आपल्या पलटणीपर्यंत पोहोचू शकला नाही, तेव्हा किल्ल्याच्या पूर्वेकडील बुरुजात जे कोणी विखुरलेले शिपाई सापडले त्या सुमारे चारशे जणांना त्याने एकत्र केले. पाणी नव्हते, औषधे नव्हती, तळघरात बायका आणि मुले होती. जर्मनांनी अखेर २९ जून रोजी तेथे अठराशे किलो वजनाचा बाँब टाकला आणि बुरुज पडला. गाव्रिलोव्ह मात्र हाती लागला नाही. मूठभर सोबत्यांसह, आणि शेवटी एकटाच, तो पडक्या भिंतींच्या आडोशाने लपत लढत राहिला. तबेल्यातील घोड्यांच्या खाद्यावर त्याने काही दिवस काढले. सोव्हिएत नोंदीप्रमाणे तो २३ जुलै रोजी, युद्धाच्या बत्तिसाव्या दिवशी, पिस्तूल आणि उरलेले हातबाँब संपवून बेशुद्धावस्थेत पकडला गेला. त्याला कैद्यांच्या इस्पितळात आणले तेव्हा त्याला घोटही गिळता येत नव्हता, आणि हा मनुष्य तासाभरापूर्वी एकटा लढत होता हे तेथल्या जर्मनांना पटवून घेणे जड गेले, अशी साक्ष त्याच्यावर उपचार करणाऱ्या एका बंदिवान सोव्हिएत डॉक्टराने पुढे दिली.

पुढची चार वर्षे छावण्यांत गेली. १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाली.

सुटलेल्या कैद्यांची मायदेशी छाननी होई. तुला कोठे पकडले, तेव्हा जवळ किती गोळ्या होत्या, पळून का गेला नाहीस, मेला का नाहीस, हा त्या प्रश्नांचा रोख. परतलेले सर्वजण सरसकट सैबेरियाच्या तुरुंगांत गेले, असा एक समज युरोपात दृढ झाला होता. नंतर उघड झालेल्या दप्तरांवरून तो अतिशयोक्त ठरतो. १९४६ च्या मार्चपर्यंत छाननी झालेल्या सुमारे पंधरा लाख युद्धकैद्यांपैकी दर शंभरांत १८ घरी गेले, ४३ पुन्हा सैन्यात घेतले गेले, २२ जणांना मजूर-तुकड्यांत पाठविले आणि १५ जण गुप्त पोलीस खात्याच्या ताब्यात गेले. म्हणजे बहुसंख्य तुरुंगाबाहेर राहिले. परंतु तुरुंगाबाहेर राहणे आणि मोकळे असणे या गोष्टी एक नव्हेत. नोकरीच्या, विद्यापीठाच्या प्रत्येक माहितीपत्रकात एक रकाना असे: आपण किंवा आपले नातलग कधी शत्रूच्या कैदेत होता काय? होय म्हणावे तर नोकरी जाई. नाही म्हणावे तर खोटी माहिती दिल्याची टांगती तलवार. अनेकांनी आपल्या मुलांनाही ही गोष्ट सांगितली नाही.

गाव्रिलोव्हची छाननी तशी नशिबाने पार पडली. मेजर हा हुद्दा त्याला परत मिळाला, परंतु कैदेत गेल्याच्या आणि पक्षाचे ओळखपत्र गमावल्याच्या कारणाने पक्षातून त्याला वगळले. सोव्हिएत समाजात या गोष्टीचा अर्थ काय होता हे निराळे सांगणे नको. त्यानंतर त्याला जे काम मिळाले ते एखाद्या नाटककाराने रचले असते तर अतिशयोक्त वाटले असते. सैबेरियात जपानी युद्धकैद्यांची एक छावणी होती. तिचा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली. स्वतः चार वर्षे तारेच्या आत काढलेला माणूस तारेबाहेर उभा राहिला. तेथे त्याने कैद्यांत पसरू पाहणारी टायफसची साथ आवरली, अशी नोंद आहे, आणि त्याबद्दल त्याची प्रशंसाही झाली. नंतर तो निवृत्त होऊन दक्षिणेत क्रास्नोदारला एका लहानशा घरात राहू लागला. त्याची पत्नी आणि दत्तक मुलगा ब्रेस्टलाच हरवली होती. पुष्कळ शोध करून, ती मेली असे ठरवून, त्याने दुसरे लग्न केले होते. शेजाऱ्यांच्या लेखी तो एक साधा निवृत्त मनुष्य होता, आणि त्याच्या पूर्वेतिहासाविषयी न बोललेले बरे असे सर्वांनाच वाटे.

असेच दुसरे उदाहरण वैमानिक मिखाइल देव्यातायेव्हचे. ८ फेब्रुवारी १९४५ रोजी जर्मनीच्या पेनेम्युंडे येथील छावणीतून त्याने नऊ सोबत्यांसह एक जर्मन बाँबफेकी विमान पळविले आणि ते सोव्हिएत आघाडीच्या पलीकडे आणून उतरविले. असा पराक्रम पुराणात शोभावा. उतरल्यावर त्याचे स्वागत झाले ते संशयाने. जर्मनांनीच पाठविले नसेल कशावरून? दहांतील सात जणांना पायदळात धाडले गेले आणि त्यांतील बहुतेक युद्ध संपण्यापूर्वीच मेले. देव्यातायेव्ह छाननीत अडकला आणि सुटल्यावर काझानच्या नदीबंदरावर मिळेल ते काम करू लागला.

या मौनाला तडा गेला तो १९५४ नंतर. सेर्गेई स्मिर्नोव्ह नावाच्या लेखकाने ब्रेस्टच्या किल्ल्याचा विषय हाती घेतला. युद्धकाळात तो सैनिकी वृत्तपत्रांत काम करीत असे. आरंभी त्याचा हेतू एक लढाई लिहून काढण्याचा, एवढाच होता. परंतु ती लिहावयाची तर साक्षीदार हवेत आणि साक्षीदार शोधू लागले की प्रत्येक वाट एखाद्या माजी युद्धकैद्याच्या दाराशी जाऊन थांबे. येरेवानमध्ये त्याला सामवेल मातेवोस्यान भेटला. लढाईच्या पहिल्या सकाळी किल्ल्याच्या मध्यभागी झालेल्या प्रतिहल्ल्याचा तो नेता. क्रास्नोदारमध्ये गाव्रिलोव्ह भेटला. ज्याला पंधरा वर्षांत कोणी काही विचारले नव्हते असा माणूस एका परक्यापुढे तारीखवार सारे सांगत गेला. प्योत्र क्लिपा नावाचा पलटणीच्या वाद्यवृंदातील एक मुलगा लढाईच्या वेळी पंधरा वर्षांचाही पुरता नव्हता. जर्मनांच्या अंगावरून दारूगोळा आणि पाणी आणून देणारा म्हणून सर्वांच्या आठवणीत होता. तो सापडला सोव्हिएत तुरुंगात! मित्राचा गुन्हा पोलिसांना कळविला नाही या आरोपावरून १९४९ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झालेली होती. स्मिर्नोव्हच्या खटपटीने तो सुटला.

परंतु एकेक माणूस गाठून हे काम किती काळ चालणार? १९५६ साली स्मिर्नोव्ह नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे बसला आणि किल्ल्याच्या वीरांच्या शोधाची कथा त्याने क्रमशः सांगावयास आरंभ केला. छापील पुस्तक वाचायला माणसाने ते विकत घ्यावे लागते. त्या देशातील नभोवाणी मात्र कारखान्यांत, शेतसंस्थांच्या चावडीवर, इस्पितळांत भिंतीवर लावलेली असे, आणि कोणी ऐको न ऐको, ती बोलतच राही. ज्या यंत्रातून पंधरा वर्षे त्यांच्याविषयी एक शब्द आला नव्हता त्याच यंत्रातून आता त्यांची नावे, त्यांच्या पलटणींचे क्रमांक, त्यांनी धरलेल्या खिडक्या आणि दरवाजे यांची वर्णने येऊ लागली. स्मिर्नोव्हकडे पत्रांचा पूर लोटला. हजारो पत्रे. त्यांतील पुष्कळ पत्रे लिहिणारे आपल्या हकीकतीच्या शेवटी क्षमा मागितल्यासारखे कळवीत की, आपण पुढे पकडले गेलो. एक संबंध देश आपल्याच घरातील बंद खोलीचे कुलूप काढीत होता.

त्या पत्रांपैकी एकाने गाव्रिलोव्हच्या आयुष्यात अनपेक्षित उलथापालथ केली. बेलारूसमधील एका अपंगगृहातून कळले की, तेथे अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली एक स्त्री असून ती मेजर गाव्रिलोव्हची पत्नी आहे. ती मेलेली नव्हती. जर्मनांच्या हाती सापडून, नंतर खेड्यांतून दिवस काढून, आजाराने जर्जर होऊन ती त्या ठिकाणी येऊन पडली होती. मुलगाही जिवंत होता; तो सैन्यात होता. गाव्रिलोव्ह ब्रेस्टला गेला आणि तिला क्रास्नोदारला घेऊन आला. त्याच्या दुसऱ्या पत्नीने तिला घरात घेतले आणि तिची शुश्रूषा केली. पंधरा वर्षांनी मिळालेला हा सहवास काही आठवड्यांचाच ठरला. १९५६ च्या डिसेंबरात ती वारली. सरकारे जेव्हा आपली माणसे हिशेबातून वजा करतात तेव्हा ती कोणाच्या संसारातून वजा होतात, हे या एका घरात जितके दिसते तितके मोठमोठ्या आकड्यांत दिसत नाही.

राजकीय वारेही बदलले होते. स्टालिन १९५३ मध्ये वारला होता. १९५६ मध्ये झुकोव्हच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने माजी युद्धकैद्यांवर झालेल्या अन्यायाची कबुली दिली आणि २९ जून १९५६ रोजी त्याप्रमाणे सरकारी ठराव झाला. पंधरा वर्षांपूर्वीच्या हुकूम क्रमांक २७० खाली याच झुकोव्हची सही होती, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. ती त्याच्या विरुद्ध सांगावी की बाजूने, हे ज्याने त्याने ठरवावे. एक विपरीत प्रकार असा की, शत्रूला सहकार्य केलेल्या अनेकांना १९५५ च्या सप्टेंबरातच माफी मिळालेली होती. म्हणजे फितुरांना क्षमा आधी झाली आणि निरपराध्यांच्या निर्दोषत्वाचा विचार नंतर. ३० जानेवारी १९५७ रोजी गाव्रिलोव्हला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ ही सर्वोच्च पदवी मिळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात देव्यातायेव्हला. याच संधीस शोलोखोव्हची ‘माणसाचे नशीब’ ही कथा मॉस्कोच्या ‘प्राव्दा’ पत्रात दोन अंकांत छापली गेली. तिचा नायक एक सुटून आलेला युद्धकैदी आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे जरूर आहे. राष्ट्राने ज्यांना जवळ घेतले ते शौर्य गाजवून पकडले गेलेले. बत्तीस दिवस लढलेला मेजर चालला, विमान पळविणारा वैमानिक चालला. परंतु पहिल्याच दिवशी झोपेत असताना ज्याच्यावर छप्पर कोसळले आणि बाहेर पडताच ज्याच्या छातीला संगीन लागली, त्याचे काय? ब्रेस्टच्या किल्ल्यातून जर्मनांनी सुमारे सात हजार कैदी नेले. भिंतीवरील ते प्रसिद्ध अक्षरलेखन हे जसे सत्य आहे, तसा हा आकडाही सत्य आहे, आणि बहुतेक शिबंदी कैद झाली ही गोष्ट स्मारकावरील शिल्पांतून समजत नाही. पकडले जाणे हा कलंक नव्हे असे म्हणण्याऐवजी, यांच्याकडून तो कलंक पराक्रमाने धुतला गेला, असे म्हणण्यात आले. स्मिर्नोव्हने स्वतः यापलीकडे पाहिले होते असे त्याच्या लिखाणावरून दिसते. परंतु त्याच्या काळात त्याला यापेक्षा अधिक बोलता येणे कठीण होते.

आणि जे दिले ते पुन्हा काढून घेता येते, हाही अनुभव आला. १९६५ मध्ये स्मिर्नोव्हच्या ग्रंथाला लेनिन पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी किल्ल्याला ‘वीर किल्ला’ हा बहुमान. त्यानंतर दहा वर्षांच्या आत मातेवोस्यानवर निराळेच आरोप ठेवून त्याचा मान काढून घेण्यात आला. त्याच्या नावाची पाने त्या ग्रंथात होती. ती गाळण्यास लेखक तयार झाला नाही, आणि पुस्तकाचे पुनर्मुद्रण कित्येक वर्षे थांबले. स्मिर्नोव्ह १९७६ मध्ये वारला तेव्हाही ते थांबलेलेच होते. मातेवोस्यानला त्याचा मान परत मिळाला तो पुष्कळ वर्षांनी.

साध्या युद्धकैद्याच्या वाट्याला कायद्याची पूर्ण दृष्टी आली ती सोव्हिएत संघ लयाला गेल्यावर. २४ जानेवारी १९९५ रोजी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी फर्मान काढून माजी युद्धकैद्यांना इतर योद्ध्यांच्या बरोबरीचे हक्क दिले. जर्मनीने २००० साली सक्तमजुरीच्या बळींसाठी मोठा निधी उभारला, परंतु युद्धकैद्यांना त्यातून वगळले होते. २०१५ च्या मे महिन्यात तेथील संसदेने हयात सोव्हिएत युद्धकैद्यांसाठी एक कोटी युरो मंजूर केले. प्रत्येकी अडीच हजार. तोपर्यंत ५७ लाखांतील काही हजारच अर्ज करण्यास उरले होते, आणि ते नव्वदीच्या घरात होते.

गाव्रिलोव्ह २६ जानेवारी १९७९ रोजी क्रास्नोदार येथे वारला. आपल्याला ब्रेस्ट येथे पुरावे अशी त्याने इच्छा लिहून ठेवली होती, आणि त्याप्रमाणे त्याचे शव तेथील शिबंदीच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. किल्ल्यातील स्मारकात आठशेंहून अधिक सैनिकांचे अवशेष पुरलेले आहेत. त्यांतील बहुतेकांची नावे आजही कळलेली नाहीत.